बॉनेटवरचे कुलूप

साहेब, तुम्ही एका माणसाला चोर ठरवलेत. माझ्यासमोर ठरवलेत, माझ्या बॉनेटवर हात ठेवून ठरवलेत. चोरीला काय गेले, तर म्हणे माझ्या पोटातला गॅस. म्हणजे चोरीची जागा मी आणि चोरीचा मालही माझाच. मग माझ्या पोटाखाली वाकून एकदा तरी का पाहिले नाहीत? दोषी माणूस हाताशी होता, म्हणून भोक शोधायची गरज वाटली नाही, असेच ना?

मित्रांनो, रागाच्या भरात मी माझी ओळख करून द्यायची विसरले. मी एक जुनी व्हॅन आहे. उंच छपराची, सरकत्या दाराची. एकेकाळी पांढरीशुभ्र होते, आता माझा रंग नासलेल्या दुधासारखा झाला आहे. डाव्या दाराला एक पोचा आहे आणि मागच्या काचेवर कोण्या लहान मुलाने चिकटवलेला अर्धा फाटलेला सूर्य आहे. तो कोणी काढला नाही, मीही पडू दिला नाही.

कारखान्यात माझी घडण चालली होती तेव्हा माझ्या पोटाखालून दोन लांब पाईप मागच्या सीटपर्यंत नेले. मागे बसणाऱ्यालाही गार वारा मिळावा म्हणून. त्या पाईपांत एक गॅस भरला. या गॅसविषयी एक गोष्ट नीट ऐका, कारण मोठमोठ्या माणसांना ती शेवटपर्यंत कळली नाही. हा गॅस डिझेलसारखा जळत नाही. तो संपत नाही. तो फक्त फिरतो. आतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि पुन्हा आत येतो. पत्रे वाटून झाली म्हणून पोस्टमन संपतो का? तसेच आहे हे. गॅस कमी झाला, तर कुठून तरी तो बाहेर गेला आहे. गेला आहे म्हणजे वाट आहे. ती वाट शोधायची असते.

पण लोक म्हणतात, "गॅस संपला." आणि एकदा 'संपला' म्हटले की 'भरा' म्हणायला मोकळे.

माझी पहिली काही वर्षे सहलींत गेली. मुले खिडकीला नाक लावून बसत, आया मागे वळून म्हणत, "वारा सरळ अंगावर घेऊ नका रे, सर्दी होईल." मला ते कौतुकच वाटे. मग नव्या गाड्या आल्या, माझ्या सीटचे कापड विटले आणि मला विकले. नव्या मालकाकडे सहल नव्हती. ते एक डायलिसिसचे केंद्र होते. ज्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आहे, अशा माणसांचे रक्त तिथे यंत्रातून स्वच्छ करतात. मी त्यांना घरून आणायची आणि परत सोडायची. येताना माणसे बोलत असत. जाताना पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखी होत. अशा माणसाला डोक्यावर तापलेल्या पत्र्याखाली बसवले, तर रक्तदाब उतरतो, डोळ्यांसमोर अंधारी येते, कधी त्याहून वाईट होते. म्हणून सांगते, माझा गार वारा ही चैन नव्हती. तो औषधाचाच एक भाग होता.

माझ्या चालकाला सगळे हळूभाऊ म्हणत. खड्डा दिसला की हा माणूस गाडीचा वेग असा कमी करी, जणू खड्ड्यात कोणी झोपले आहे. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत. तो म्हणे, "द्या. माझ्या माणसांच्या हातात सुया टोचून झाल्यात, आता हाडं नको हलायला."

आणि एक होत्या मावशी. त्यांना पाठीमागे सगळे शंकामावशी म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होते. त्यांनी आयुष्यभर कापडाचे दुकान चालवले होते. रंग जाईल का, सूत तुटेल का, मापात खोट आहे का, यात जन्म गेला. आता पाय गेले होते, चाकाच्या खुर्चीत बसत, पण नजर तीच. नर्सने सुई काढली की त्या सुईकडे बघत, सफरचंद हातात घेतले की देठाकडे बघत.

"सून गोड बोलायला लागली की मी दूध आधी हुंगते," त्या म्हणत.

"मावशी, सूनबाई ऐकतील," हळूभाऊ म्हणे.

"ऐकू दे. तीपण माझा चहा हुंगूनच देते."

मावशींची खुर्ची जड आणि मावशीही काही हलक्या नव्हत्या. पूर्वी दोघे जण त्यांना उचलून आत घेत. ते पाहून केंद्राच्या साहेबांनी माझ्या मागच्या दाराला लोखंडी उतार बसवून घेतला. साहेब म्हणजे केंद्राच्या सगळ्या गाड्यांचे प्रमुख. वेल्डिंगवाला त्यांनी निवडला, काम त्यांनी करून घेतले, आणि उतारावर उभे राहून फोटोही त्यांनीच काढून घेतला. खोटे का बोलू, उतार चांगला होता. वेल्डिंगवाल्याने माझ्या तळाला भोके पाडून लांबलचक बोल्ट आवळले, तेव्हा मला टोचले. पण जुन्या गाडीला काय, रोज कुठे ना कुठे टोचतच असते.

पुढच्या उन्हाळ्यात माझा वारा कोमट झाला.

मावशींनी तळहात जाळीपुढे धरला. "भाऊ, एसी बंद केलास ना? डिझेल वाचवतोयस."

"चालूच आहे, मावशी."

"मग हा वारा काय तापातून उठलाय?"

हळूभाऊने मला थंडा मास्तरकडे नेले. हा एसीचा मिस्त्री. पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे दुकान, भिंतीवर लाल-निळ्या नळ्यांची घड्याळे टांगलेली. ती नळी जोडली की काटा गॅसचा दाब दाखवतो. मास्तरने काटा पाहिला, म्हणाला, "गॅस कमी आहे," आणि भरला. मी पुन्हा गार झाले. थोड्याच आठवड्यांत पुन्हा कोमट. पुन्हा मास्तर, पुन्हा गॅस. मला तर त्या मास्तरचाच संशय येऊ लागला. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यावे असे कोणत्या दुकानदाराला वाटत नाही?

शेवटी साहेब स्वतः शेडमध्ये आले. "मास्तर, गळती असेल तर शोधा."

मास्तरने माझ्यातला उरलासुरला गॅस काढून घेतला, पाईपांत नायट्रोजन दाबून भरला, घड्याळ लावून ठेवले आणि जेवायला गेला. परत आला तर काटा जागचा हललेला नव्हता. मग सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही.

"गळती नाही," मास्तर म्हणाला. "माझा काटा खोटं बोलत नाही."

"मग गॅस जातो कुठे?"

"मी भरतो, साहेब. काढतो कोण, ते तुम्ही बघा."

बघा मित्रांनो, किती सहज सुटला तो. आपल्या दारातली घाण एका वाक्यात दुसऱ्याच्या अंगणात लोटली. मास्तर खोटे बोलत नव्हता, त्याचा काटाही नव्हता. पण दोघांनी पाहिली ती शेडमध्ये उभी असलेली रिकामी व्हॅन. रोज जी कामावर जाते, ती त्यांनी पाहिलीच नाही.

साहेब हळूभाऊकडे वळले. "कोणाला विकतोस?"

हळूभाऊला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तो हसला, आणि ते हसणे त्याला नडले.

"साहेब, हा गॅस काढून ठेवू कशात? डब्यात?"

"तोंड चालवू नकोस. या गाडीला हात लावणारे दोघेच. हा भरतो. उरला कोण?"

दुसऱ्याच दिवशी माझ्या बॉनेटला कडी-कोयंडा ठोकला आणि पितळेचे कुलूप घातले. चावी साहेबांच्या खिशात. इंजिनाचे पाणी, तेल, पट्टा जे काही पाहायचे ते साहेबांसमोर आणि साहेबांना सवड असेल तेव्हा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. माझ्यासारख्या गाडीला लोक रस्त्यात थांबून बघू लागले. चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधावी, तसे मला वाटे.

मावशींनी कुलूप पाहिले आणि विचारले, "आत काय, दागिने आहेत?"

"मावशी, मी चोर आहे," हळूभाऊ म्हणाला.

मावशींनी त्याला कापडासारखे निरखून पाहिले. मला वाटले, आता म्हणतील, छे छे, तू कसला चोर. पण त्या तसे काही म्हणाल्या नाहीत. मावशी कोणाला फुकट काही देत नसत, विश्वासही नाही. म्हणाल्या, "असशील किंवा नसशील. बघू."

त्याच दिवसांत उतारावरून चढताना त्यांनी हात वर केला. "थांब. काहीतरी फुसफुसलं."

"उताराचं लोखंड घासलं असेल," हळूभाऊ म्हणाला.

आत गुरुजी बसले होते. निवृत्त शिक्षक, स्वभावाने शांत, सगळ्यांना समजावणारे. ते म्हणाले, "वय झालं की कानात असे आवाज येतात, बाई."

"तुमच्या येत असतील. माझे कान दुकानात घडलेत. कापड फाटायच्या आधी मला ऐकू येतं."

कोणी लक्ष दिले नाही. खुर्ची आत आली, आवाज थांबला, दार लागले.

बदनामीला पाय लागत नाहीत, तिला फोन पुरतो. एकदा माणसे उतरून गेल्यावर हळूभाऊ माझ्यात एकटाच बसला होता. त्याच्या मेहुण्याचा फोन आला. आवाज मोठा होता, मला सगळे ऐकू आले.

"भावजी, ताई रडत होती. मी काय म्हणतो, घेतलं असेल तर देऊन टाका ना. विषय मिटेल."

हळूभाऊने फोन बंद केला आणि माझे स्टिअरिंग पुसायला घेतले. ते आधीच स्वच्छ होते. तरी तो पुसत राहिला.

मग तो दिवस आला. ऊन असे होते की डांबर टायरला चिकटत होते. गॅस पुन्हा उतरलेला, म्हणून खिडक्या उघड्या. मावशी आणि गुरुजींना मी घरी सोडायला निघाले होते. वाहने मुंगीच्या पावलांनी चालली होती, आणि तेवढ्यात माझ्या इंजिनाचा पंखा बंद पडला. तापमानाचा काटा लाल रेषेकडे चढू लागला. हळूभाऊने मला कडेला घेतले. जवळपास ना झाड, ना छप्पर. एका बाजूला लांब भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता.

तो बॉनेटशी गेला आणि कुलूप पाहून उभा राहिला.

साहेबांना फोन लावला. "साहेब, गाडी तापलीय. पंखा फिरत नाही. कुलूप उघडायला हवं."

"आजच कसा बंद पडला पंखा?"

"साहेब, आत पेशंट आहेत."

"मी बैठकीत आहे. कुलपाला हात लावायचा नाही. मी माणूस पाठवतो."

आत मावशींची मान एका बाजूला कलली होती. गुरुजी त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होते. "भाऊ," ते म्हणाले, "या उत्तर देत नाहीत."

हळूभाऊने येणाऱ्या दोन रिक्षांना हात केला. एकही थांबली नाही. मग त्याने सीटखालून चाकाचा पाना काढला. कुलूप पितळेचे होते, पण कडी साध्या पत्र्याची. चौथ्या की पाचव्या घावाला ती उचकटली. माझ्या पत्र्यावर ओरखडे उठले. दुखले नाही. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझ्यासाठी घाई करत होते.

पंख्याची वायर निसटली होती, बस, इतकेच. सांधा काळा पडला होता. त्याने तो खरवडून वायर बसवली, पंखा फिरला, काटा हळूहळू उतरला आणि त्याने मला वळवून थेट केंद्राच्या दारात आणले. त्या दिवशी हळूभाऊने खड्डे पाहिले नाहीत. मावशींना आत नेले, सलाईन लावले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आले नसते.

साहेब बाहेर आले. मावशी कशा आहेत, हे त्यांनी आधी विचारले असेल, असे मला अजून वाटते. पण मी ऐकले ते एवढेच.

"तोडलंस ना कुलूप? आता बोलायला काही उरलंय का? चावी दे, उद्यापासून येऊ नकोस."

हळूभाऊने माझी चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि तो चालत निघून गेला. त्याचा पाण्याचा थर्मास माझ्या दाराच्या कप्प्यातच राहिला.

नवा चालक आला. नवी, जाड कडी आली. नवे कुलूप आले. आणि काही आठवड्यांत माझा वारा पुन्हा कोमट झाला.

"हळूभाऊने दुसरी चावी करून घेतली असणार," साहेब म्हणाले. मित्रांनो, साप म्हणून भुई धोपटणारा माणूस भुईला दमवतो, स्वतः दमत नाही.

मास्तरला यावेळी केंद्राच्या आवारातच गॅस घेऊन बोलावले आणि त्याने तो भरला. मावशी बऱ्या होऊन आल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले आणि खुर्ची थेट माझ्या मागे आणून लावली.

"मास्तर, मी चढते. तुम्ही खाली झोपा."

"मावशी, टेस्ट केलीय मी."

"कोणाची? रिकाम्या गाडीची. कपडा खुंटीला टांगून उसवत नाही, मास्तर. अंगात घालून बसावं लागतं, मग कळतं शिवण कुठे जाते ते. झोपा खाली."

मास्तर कुरकुरत चादर टाकून माझ्या पोटाखाली सरकला. नव्या चालकाने मावशींची खुर्ची उतारावर घेतली. माझा तळ थोडा वाकला. आणि ते झाले, जे प्रत्येक वेळी होत होते.

खालून मास्तरचा आवाज आला. "थांबा. तिथेच थांबा."

"फुसफुसतंय?"

"फुसफुसतंय," मास्तर म्हणाला. मग त्याने फेस मागवला. त्या लांबलचक बोल्टचे टोक, वजन आले की, मागच्या रबरी पाईपात रुतत होते. तिथे भोक पडले होते. वजन असले की भोक उघडायचे, वजन गेले की रबर पुन्हा मिटायचे. आजूबाजूला तेलकट डाग, त्यावर धूळ. हे सगळे किती दिवस तिथेच होते.

मास्तर बाहेर आला तो घामाने भिजलेला. "बोल्ट आहे," एवढेच म्हणाला.

"साहेबांना बोलवा," मावशी म्हणाल्या.

साहेब आले. मावशी पुन्हा खाली उतरल्या, पुन्हा वर चढल्या. थकल्या होत्या, पण चढल्या.

"वाका," त्या साहेबांना म्हणाल्या.

"मास्तरांनी सांगितलंय मला."

"उभ्याने दिसत असतं तर आधीच दिसलं असतं. वाका."

साहेब वाकले नाहीत. मोबाईलमध्ये फोटो काढायला त्यांनी मास्तरला सांगितले आणि फोटो पाहिला.

पुढचे काम नीट झाले, हे सांगितलेच पाहिजे. बोल्टचे वाढीव टोक कापले. पाईपचा तो तुकडा बदलला, सांध्यांतल्या जुन्या रबरी कड्या बदलल्या, ओल शोषणारी बाटली नवी घातली. पंप लावून पाईपांतली हवा आणि ओलावा बराच वेळ खेचून काढला, मगच वजन करून गॅस भरला. यावेळी मास्तरने मला माणसांनी भरून, खड्ड्यांतून फिरवून, पुन्हा काटा लावला. तेव्हापासून माझा वारा गार आहे. उरलेला सबंध उन्हाळा गार गेला.

कडी काढली. तिच्या चार छिद्रांवर रंग लावला. साहेब म्हणाले, "झालं ना गार? विषय संपला."

"आणि भाऊ?" मावशींनी विचारले.

"त्याने कुलूप तोडलं. ती वेगळी बाब आहे."

सगळ्यांना समजावणारे गुरुजी यावेळी मावशींच्या खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले. आवारातले लोक मात्र आजही बोलतात. म्हणतात, गॅस नसेल घेतला, पण काहीतरी केलेच असेल, उगाच कोणाला काढत नाहीत. मावशी हे ऐकतात आणि प्रत्येकाला विचारतात, "काय केलं? सांग ना, काय केलं?" लोक घाईत असतात, निघून जातात.

हळूभाऊ मला अधूनमधून चौकात दिसतो. तो काम शोधतो आहे. गाडी चालवता येते, हे तो कुठेही दाखवू शकतो. पण पुढचा प्रश्न सगळीकडे एकच असतो: तिथून का काढले? त्याला खरे उत्तर माहीत आहे. ते उत्तर त्याच्या तोंडून कोणी मानत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी द्यायला हवे.

मित्रांनो, संशय वाईट असे मी तुम्हाला सांगणार नाही. मावशींचा संशय नसता तर मी आजही गळत असते. पण संशय आला की गुडघे टेका, हाताला धूळ लागू द्या, ओझे टाकून बघा, कान लावा. कुलूप लावून घरी जाऊ नका. आणि जुनी गाडी असो की जुना माणूस, तो पुन्हा पुन्हा थकत असेल तर नुसते भरत राहू नका. कुठे टोचते आहे ते विचारा.

आता साहेब, तुम्ही. बोल्ट तुमच्या उताराचा होता, कुलूप तुमचे होते, चावी तुमच्या खिशात होती. मी जुनी व्हॅन आहे, मला माफी नको, नवा रंग नको. मला एका शब्दात उत्तर हवे आहे, आणि ते त्याच आवारात, त्याच लोकांसमोर, त्या माणसाला बोलावून द्या. हळूभाऊ चोर होता की नव्हता?